छोटी तमिळ फिल्म कंपनी : सिनेमा चालतो, मग पैसे कुठे जातात?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलंय की त्यांचा इंजिनिअरिंगचा जुना मित्र चेन्नईत छोटी फिल्म कंपनी चालवतो, दोन सिनेमे झालेत, तिसऱ्यासाठी पार्टनर शोधतोय आणि यांना ४० लाख टाकायला सांगतोय. मित्र म्हणतो तमिळमधे छोट्या सिनेमाला मार्केट आहे, 'पिझ्झा' बघ, 'सूदु कव्वुम' बघ. यांचा प्रश्न असा की मग ते सिनेमे बनवणारी कंपनी आता कुठे दिसत का नाही, आणि एवढे चांगले सिनेमे देऊन या कंपन्या चार-पाच वर्षात थंड का पडतात?

मी मूळचा सोलापूरचा, २००६ पासून चेन्नईत आहे, कोडंबाक्कम-साळीग्रामम या सिनेमावाल्यांच्या भागातल्या लहान कंपन्यांचे प्रोडक्शन अकाउंट्स बघतो. म्हणजे शूटिंगवर रोजचा बाटा (भत्ता) वाटण्यापासून ते रिलीजच्या आदल्या रात्री कोणाचे किती द्यायचे राहिलेत त्याची यादी काढण्यापर्यंत सगळं. मोठ्या बॅनरचं मला फार माहीत नाही, पण अडीच-तीन कोटीच्या सिनेमाचं वहीखातं मी आतून बाहेरून बघितलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ती कंपनी. तिचं नाव तिरुकुमरन एंटरटेनमेंट, मालक सी. व्ही. कुमार, आणि ती बंद वगैरे पडलेली नाही. २०१२ च्या ऑगस्टमधे त्यांचा 'अट्टकत्ती' आला, पा. रंजितचा पहिला सिनेमा. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे 'पिझ्झा', कार्तिक सुब्बराजचा पहिला. पुढच्या वर्षी १ मे ला 'सूदु कव्वुम', नलन कुमारसामीचा पहिला. संगीतकार संतोष नारायणनची सुरुवात पण 'अट्टकत्ती'पासूनच. नंतर 'तेगिडी', 'मुंडासुपट्टी', आणि २०१५ ला टाइम ट्रॅव्हलवरचा 'इंद्रु नेट्रु नाळै', हे पण नव्या दिग्दर्शकांचेच. तीन वर्षात एका छोट्या ऑफिसमधून एवढी माणसं बाहेर पडली, हे मला आजही फार मोठं काम वाटतं आणि त्याचं श्रेय कुमारना पुरेसं मिळालेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांनी केलं काय तर तेव्हा कलैञर टीव्हीवर 'नाळैय इयक्कुनर' म्हणून शॉर्ट फिल्मचा कार्यक्रम होता, नावाचा अर्थ उद्याचा दिग्दर्शक. कार्तिक, नलन हे तिथले. आपल्याकडे कसं, नवा मुलगा आला की दिग्दर्शकाला दहा वर्ष असिस्ट केलंस का विचारतात, तमिळमधेही तेच चालायचं, पण शॉर्ट फिल्म समोर असली की पोराला गोष्ट सांगता येते का ते दहा मिनिटात कळतं. 'मुंडासुपट्टी' तर त्याच दिग्दर्शकाच्या शॉर्ट फिल्मवरून वाढवलेला सिनेमा. म्हणजे निर्मात्याने जुगार खेळला नाही, आधी नमुना बघितला आणि मग पैसे लावले.

मग अडलं कुठे? तर दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा चालला की त्याचा भाव वाढतो आणि दुसरा सिनेमा मोठ्या कंपनीकडे जातो. यात कोणाची चूक नाही, मुलाने तरी काय करावं. रंजितचा दुसरा 'मद्रास' स्टुडिओ ग्रीनकडे झाला आणि तिसरा 'कबाली', थेट रजनीकांत. कार्तिक २०१९ ला 'पेट्टा'पर्यंत पोचला, तो पण रजनीकांतचाच. 'पिझ्झा' आणि 'सूदु कव्वुम'चा हिरो विजय सेतुपती, त्याचं तर सांगायलाच नको. बी पेरायचं काम छोट्या कंपनीचं आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यात. छोट्या कंपनीच्या हातात शेवटी राहतं काय, तर सिनेमाचं नाव आणि रिमेकचे हक्क. 'पिझ्झा'चे रिमेक हिंदीत, कन्नडमधे, बंगालीत झाले. आणि आता बघा, २०२३ च्या जुलैमधे 'पिझ्झा ३' आला, २०२४ च्या डिसेंबरमधे 'सूदु कव्वुम २'. कंपनी आहे, पण ज्या नावांवर तिची मालकी उरली त्या नावांकडे परत आलीये. तुमचा मित्र २०१२ चं उदाहरण देतोय म्हणून हे सांगितलं, कारण २०१२ चं मार्केट आणि आजचं मार्केट यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

तेव्हा काय होतं की टीव्ही चॅनेलवाले छोटे सिनेमे पण चांगल्या भावाने उचलायचे. सॅटेलाइट हक्कांचे पैसे येणार हे धरूनच निर्माता बजेट मांडायचा, खर्चाचा मोठा वाटा तिथूनच निघायचा आणि थिएटरचं जे येईल ते वर. २०१४ च्या आसपास चॅनेलवाल्यांनी हात आखडता घेतला, मोठा हिरो नसेल तर बघायलाच तयार नाहीत. मला चांगलं आठवतं, त्या काळात तीन कंपन्यांच्या वह्यांमधे 'सॅटेलाइट येणे' असा कॉलम होता आणि तो महिनोन् महिने कोरा राहिला. सिनेमा तयार, सेन्सॉर झालेला, डबा कपाटात आणि व्याज चालू.

मग टॅक्स. २००६ ला करुणानिधींच्या सरकारने तमिळ नाव असलेल्या सिनेमांना करमणूक कर माफ केला होता, २०११ ला जयललितांच्या सरकारने त्यात यू सर्टिफिकेट वगैरे अटी टाकल्या, तरी छोट्या फॅमिली सिनेमाला त्याचा मोठा आधार होता. जुलै २०१७ ला जीएसटी आला, तिकीट १०० च्या वर असेल तर २८ टक्के, आणि वर राज्याने स्थानिक संस्थांचा वेगळा कर लावला म्हणून थिएटरवाल्यांनी काही दिवस थिएटर बंदच ठेवली. शेवटी तो स्थानिक कर ८ टक्क्यांवर आला. त्या ऑक्टोबरमधे मल्टिप्लेक्सचं जास्तीत जास्त तिकीट १५० केलं, त्यावर २८ टक्के म्हणजे ४२ आणि ८ टक्के म्हणजे १२, प्रेक्षकाच्या खिशातून गेले २०४. आता यातले निर्मात्याला किती? १५० मधले साधारण अर्धे थिएटरचे. उरलेल्या ७५ मधून डिस्ट्रिब्युटर आपलं कमिशन कापतो, मग पब्लिसिटी, मग प्रत्येक स्क्रीनमागे डिजिटल कंपनीला द्यायची व्हीपीएफ, म्हणजे डिजिटल प्रोजेक्शनची फी. साठ रुपये हातात पडले तर नशीब म्हणायचं. तीन कोटी वसूल करायचे तर या हिशोबाने पाच लाख तिकिटं, ती पण सगळी मल्टिप्लेक्सच्या चढ्या दराची. बिनहिरोच्या सिनेमाला पहिल्या आठवड्यात पाच लाख माणसं आणून दाखवा म्हणावं मित्राला. नंतर जीएसटीचे दर कमी झाले हे खरं, पण गणिताचा ढाचा तोच आहे.

व्हीपीएफवरूनच २०१८ ला १ मार्चपासून निर्माता संघाने नवे सिनेमे लावणं बंद केलं होतं, जवळपास दीड महिना तमिळनाडूत नवीन तमिळ सिनेमा लागला नाही. मागणी शंभर टक्के रास्त होती, मी स्वतः त्या बाजूचा होतो. पण ज्या छोट्या कंपनीचा सिनेमा फेब्रुवारीत तयार होऊन बसला होता तिला तो दीड महिना फार महागात पडला, आणि बंद उठल्यावर सगळे मोठे सिनेमे एकदम रांगेत, त्यात छोट्याला कोण विचारतो.

आता मराठी माणसाला पटकन लक्षात येत नाही अशी एक गोष्ट. आपण महाराष्ट्र म्हटलं की एक मार्केट समजतो. तमिळनाडूचे डिस्ट्रिब्युशनसाठी सात तुकडे आहेत: चेन्नई सिटी, एनएससी म्हणजे नॉर्थ आर्कट-साउथ आर्कट-चेंगलपट्टू, कोवै म्हणजे कोइंबतूर, सेलम, टीटी म्हणजे त्रिची-तंजावर, एमआर म्हणजे मदुरै-रामनाड आणि टीके म्हणजे तिरुनेलवेली-कन्याकुमारी. प्रत्येक एरियाचा डिस्ट्रिब्युटर वेगळा, सौदा वेगळा. मोठ्या सिनेमाला एमजी मिळतो, म्हणजे चालो न चालो इतके पैसे पक्के. छोट्याला कमिशनवर, आला तर आला. शिवाय 'सूदु कव्वुम'सारखा सिनेमा चेन्नई, कोवैच्या मल्टिप्लेक्समधे धावतो पण टीटी-एमआरच्या तालुक्याच्या गावी, ज्याला आम्ही बी-सी सेंटर म्हणतो, तिथे तसाच उचलेल असं नाही. आणि सोमवारी सकाळी कलेक्शन दिसलं नाही की थिएटरवाला शो काढतो. तोंडी प्रसिद्धी व्हायला जे चार-पाच दिवस लागतात तेवढे मिळतच नाहीत.

पण हे सगळं एकीकडे आणि व्याज एकीकडे. माझ्या अनुभवात सिनेमा पडला म्हणून बुडालेल्या कंपन्या कमी आहेत, सिनेमा लांबला म्हणून बुडालेल्या जास्त. बँक छोट्या निर्मात्याला उभं करत नाही, त्यामुळे पैसा खाजगी सावकाराचा, शेकडा दोन-तीन रुपये महिना. समजा तीन कोटीचा सिनेमा, त्यात १ कोटी ८० लाख असे उचललेले, शेकडा तीनने महिन्याला ५ लाख ४० हजार. आठ महिन्यात सिनेमा लागला तर व्याज ४३ लाख २० हजार, सहन होतं. तोच वीस महिन्यांवर गेला (आणि जातोच, कधी हिरोच्या डेट्स, कधी पाऊस, कधी ग्राफिक्स, कधी रिलीजची तारीख नाही) की व्याज १ कोटी ८ लाख. शूटिंगमधे एक रुपया जास्त खर्च झालेला नाही आणि सिनेमा तीन कोटीचा होता तो चारच्या वर गेला. मित्राच्या बजेट शीटमधे हा व्याजाचा कॉलम किती महिन्यांचा धरलाय ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी सहा महिनेच धरलेले असतात.

याची फार वाईट बाजू तमिळ इंडस्ट्रीने बघितलीये. शशिकुमारची कंपनी प्रोडक्शन्स म्हणून कंपनी आहे. २००८ ला 'सुब्रमण्यपुरम', लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि एक मुख्य भूमिका पण स्वतः शशिकुमार, मदुरैचं १९८० चं वातावरण. अनुराग कश्यपने 'गँग्स ऑफ वासेपूर'मधे बाला, अमीर आणि शशिकुमार या तिघा तमिळ दिग्दर्शकांचे आभार मानलेत ते उगाच नाही. पुढच्या वर्षी 'पसंगा', पांडिराजचा पहिला सिनेमा, गावातल्या पोरांचा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. म्हणजे कंपनी अगदी नावाजलेली. आणि नोव्हेंबर २०१७ मधे त्या कंपनीचा व्यवहार बघणारे सहनिर्माते अशोक कुमार, शशिकुमारचे नात्यातले, यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत सावकाराच्या तगाद्याबद्दल लिहिलं होतं असं तेव्हा सगळ्या पेपरात आलं. 'कोडिवीरन' हा त्यांचा सिनेमा रिलीजच्या तोंडावर होता, डिसेंबरमधे लागला. त्या आठवड्यात कोडंबाक्कममधे मी ज्या ज्या ऑफिसात गेलो तिथे कोणी आवाज चढवून बोलत नव्हतं. तमिळनाडूत जाचक व्याजाविरुद्ध २००३ चा कायदा आहे, कंदु वट्टी म्हणतात त्या प्रकाराला. पण निर्माता तक्रार करायला जात नाही, कारण पुढच्या सिनेमाला त्याच दारात जायचं असतं.

सावकाराचा जोर कशावर असतो ते समजून घ्या, कारण तुमच्या ४० लाखाचं भवितव्य तिथे ठरणार. पूर्वी निगेटिव्ह लॅबमधे असायची, लॅबचं पत्र मिळाल्याशिवाय प्रिंट निघायची नाही आणि सावकार लॅबलाच कळवून ठेवायचा की माझे पैसे मिळाल्याशिवाय पत्र देऊ नका. आता निगेटिव्ह गेली, त्याजागी 'की' म्हणजे डिजिटल किल्ली आली, तिला केडीएम म्हणतात. सिनेमा हार्ड डिस्कवरून किंवा सॅटेलाइटवरून थिएटरच्या सर्व्हरमधे आधीच पोचलेला असतो पण तो कुलूपबंद असतो, आणि प्रत्येक स्क्रीनच्या सर्व्हरची वेगळी की असते, ठराविक तारखेपासून ठराविक वेळेपर्यंत चालणारी. येणेकऱ्यांची एनओसी, म्हणजे हरकत नसल्याचं पत्र, आलं तरच ही 'की' सुटते.

एक रात्र सांगतो, नाव कोणाचंच घेत नाही. मी ज्यांचे अकाउंट्स बघत होतो त्या कंपनीचा दुसरा सिनेमा, शुक्रवारी रिलीज, ९६ स्क्रीन. गुरुवारी संध्याकाळी सातला कळलं की पहिल्या सिनेमाच्या वेळचे एक येणेकरी, ११ लाख मुद्दल, व्याजासकट ते साडेएकोणीस सांगतायत, त्यांनी एनओसी अडवलीये. पहिला सिनेमा वेगळा, हा वेगळा, पण कंपनी तीच ना. निर्माता, त्याचा मेव्हणा, दोन डिस्ट्रिब्युटर, मी, सगळे एका खोलीत. टेबलावर माझी वही आणि थंड झालेल्या इडल्या. रात्री एकपर्यंत नुसती आकड्यांची ओढाताण. शेवटी निर्मात्याने टीटी एरियाचं सगळं कलेक्शन आणि मलेशियाचे हक्क लिहून दिले आणि वर पाच लाखाचा चेक. तो कागद मीच लिहिला, पहाटे चारला, त्याच्याच लेटरहेडवर. एनओसी गेली, की सुटायला लागल्या पाच चाळीसला, एकेक स्क्रीन करत. त्यात मदुरैच्या एका थिएटरने मधे सर्व्हर बदललेला, आपल्याकडे नंबर जुना, त्यामुळे आलेली की लागेना. तो मॅनेजर मला सारखा फोन करत होता, सार, बाहेर पन्नास-साठ पोरं उभी आहेत, काय सांगू. सकाळचा शो ४१ स्क्रीनवर गेला, म्हणजे झालाच नाही. दुपारपर्यंत ऑनलाइन सगळीकडे हेच की सिनेमा रिलीज झाला नाही, आणि ज्यांना संध्याकाळी जायचं होतं ते पण गेले नाहीत.

सिनेमा चांगला होता हो. बघणाऱ्यांनी चांगलंच म्हटलं. त्रिचीत तर तो दोन आठवडे चालला, पण त्रिचीचे पैसे आमचे राहिलेच नव्हते. त्यानंतर त्या निर्मात्याने सिनेमा केला नाही.

ओटीटीबद्दल थोडक्यात. २०२० ला लॉकडाउनमधे 'पोन्मगळ वंदाळ' थेट ॲमेझॉनवर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता सुटलो. दोन-अडीच वर्ष खरंच बरी गेली. आता प्लॅटफॉर्मवाले आधी थिएटरला लावा मग बघू म्हणतात आणि थिएटरला पडला तर भाव पाडतात किंवा घेतच नाहीत. त्यामुळे ओटीटीचं तोंडी आश्वासन म्हणजे पैसे नाहीत, सही केलेला करार आणि हप्त्यांच्या तारखा असतील तरच धरा.

मग तुम्ही पैसे टाकावेत का? मित्र चांगला आहे, पोरगा दिग्दर्शक हुशार आहे, हे सगळं मान्य, पण ते माझ्या मते दुसऱ्या नंबरचे प्रश्न. पहिला प्रश्न हा की आधीच्या दोन सिनेमांचं कोणाकोणाचं देणं बाकी आहे. त्याची लेखी यादी मागा, मुद्दल, व्याजाचा दर, तारखेसकट, आणि प्रत्येकाकडून पत्र घ्या की तिसऱ्या सिनेमाची एनओसी आम्ही अडवणार नाही. मित्राला राग येईल, येऊ दे. जमलं तर तिसरा सिनेमा जुन्या कंपनीत करूच नका, त्या एका सिनेमापुरती वेगळी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढा, जुन्या देण्यांचा संबंध कागदोपत्री तिथेच तुटतो. आणि तुमचे पैसे शूटिंगच्या सुरुवातीला सगळे देऊ नका. मी असतो तर शेवटचे १५ लाख पोस्ट प्रोडक्शन आणि रिलीजसाठी राखून ठेवले असते, कारण छोट्या कंपनीचं घोडं नेहमी तिथेच पेंड खातं, शूटिंग संपतं आणि डीआयला (रंग नीट करण्याच्या कामाला), साउंडला, पब्लिसिटीला पैसा नसतो, मग त्या टोकाला जो सावकार भेटतो तो सगळ्यात महागाचा.

अजून एक, मोठ्या कंपनीने फर्स्ट कॉपी बेसिसवर काम दिलंय असं मित्र म्हणाला तर हुरळून जाऊ नका. त्यात ठरलेल्या रकमेत तयार सिनेमा हातात द्यायचा असतो, खर्च वाढला तर तुमचा, आणि सिनेमा धो धो चालला तरी वरचे पैसे त्यांचे. कंपनीचा पगारपाणी निघतो, नाव होतं, पण हक्क एकही उरत नाही. अगदीच करायचं तर निदान रिमेकच्या हक्कात हिस्सा लिहून घ्या, वर 'पिझ्झा'चं सांगितलं ते त्यासाठीच.

मित्राकडे बजेट शीट असेलच. त्यात बाटा, व्याज आणि रिलीज खर्च हे तीन कॉलम तेवढे मला पाठवा, रकमा आणि महिने दिसले की पुरे, नावं झाकली तरी चालतील. बघून सांगतो.